पॉझिटिव्ह, पण कोणता विषाणू?

१. दोघांनाही आहे, मग आता भीती कशाची?

एचआयव्हीच्या समुपदेशन केंद्रात हा प्रश्न वारंवार विचारला जातो. नवरा-बायको दोघांचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, दोघांच्याही गोळ्या सुरू झाल्या. मग आता निरोध कशाला वापरायचा? जे व्हायचं होतं ते होऊन गेलं. एकदा लागलेला आजार पुन्हा कसा लागेल?

प्रश्न रास्त आहे. गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही, हे आपण घरोघरी पाहिलेलं असतं. पण गोवरातून उठलेल्या शरीराने त्या विषाणूचा पुरता बंदोबस्त केलेला असतो. एचआयव्हीच्या बाबतीत तसा बंदोबस्त होत नाही, म्हणून दुसऱ्या विषाणूला दार उघडं राहतं. हा दुसरा विषाणू तीन प्रकारचा असू शकतो. पहिला, एचआयव्हीचाच वेगळा भाऊ, एचआयव्ही-२. दुसरा, एचआयव्ही-१ चाच वेगळा वाण, कदाचित काही औषधांना दाद न देणारा. तिसरा, त्याच मोठ्या कुळातला पण स्वभावाने अगदी उलटा असलेला एचटीएलव्ही. या कुळाचं नाव रेट्रोव्हायरस. एकाच माणसाच्या शरीरात या कुळातले दोन विषाणू असणं म्हणजे रेट्रोव्हायरसचा सहसंसर्ग.

हे प्रकरण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर इंद्रवेल्लीचा वाचक आहे. आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहत्नूरहून उटनूरला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. याच मंडळातल्या केसलापूरला पुष्य अमावस्येला नागोबाची जत्रा भरते आणि तेलंगणाबरोबर महाराष्ट्रातूनही माणसं येतात. घरात मराठी किंवा गोंडी, कचेरीत तेलुगू आणि दवाखान्याच्या कागदावर इंग्रजी, अशी इथली रोजची कसरत. सोयरिकी किनवट-माहूरकडे, कामधंदा कधी या राज्यात तर कधी त्या. अशा सीमेवरच्या माणसाला आपल्या आजाराची माहिती नीट कळणं जास्त गरजेचं असतं, कारण दवाखाना बदलला तर ती त्याला सोबत न्यावी लागते.

२. सातबाऱ्यात घुसलेली नोंद

आधी रेट्रोव्हायरस म्हणजे काय ते पाहू. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएच्या रूपात सगळा मूळ दस्तऐवज असतो. पेशी त्यावरून आरएनएच्या रूपात कामापुरत्या नकला काढते आणि त्या नकलांवरून प्रथिनं बनवते. बहुतेक सजीवांत माहितीचा प्रवास असाच होतो, डीएनएकडून आरएनएकडे.

रेट्रोव्हायरस हा प्रवास उलटा करतो. त्याच्याकडे माहिती असते ती आरएनएची. ती आपल्या डीएनएत बसवायची तर आधी तिचं रूपांतर करावं लागतं. अशी कल्पना करा, की एक उपरा माणूस मोडीत लिहिलेला कागद आणि स्वतःचाच एक कारकून घेऊन तलाठ्याच्या चावडीत शिरला. कारकुनाने तो कागद बाळबोधीत उतरवला आणि हळूच सातबाऱ्याच्या वहीत चिकटवून दिला. (इंद्रवेल्लीकडे सातबाऱ्याऐवजी पहाणी म्हणा.) त्यानंतर वहीची नक्कल जितक्यांदा निघेल, तितक्यांदा त्या उपऱ्या नोंदीचीही निघेल. खुद्द सरकारी यंत्रणाच तिची प्रत काढून देईल.

त्या कारकुनाचं नाव रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये तो स्वतंत्रपणे शोधला आणि १९७५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अशा नोंदी फार प्राचीन काळापासून होत आल्या आहेत. माणसाच्या डीएनएचा सुमारे आठ टक्के भाग हा आपल्या पूर्वजांना कधीकाळी लागलेल्या रेट्रोव्हायरसांचा अवशेष आहे.

यातून एचआयव्हीच्या उपचाराचं मर्म कळतं. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या औषधांच्या गोळ्या नवी नोंद होऊ देत नाहीत. मात्र वहीत आधी चिकटलेली नोंद त्यांना काढता येत नाही. म्हणून गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. आणि म्हणूनच एक नोंद आत असताना दुसरी आली, तर तीही कायमची राहते.

३. एचआयव्ही-२: धाकटा, संथ, पण निराळा

एचआयव्ही पहिल्यांदा वेगळा काढला गेला तो १९८३ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये यांना त्याबद्दल २००८ मध्ये नोबेल मिळालं. तो एचआयव्ही-१. तीन वर्षांनी, १९८६ मध्ये, पश्चिम आफ्रिकेतल्या रुग्णांमध्ये दुसरा विषाणू सापडला. एड्सची सगळी लक्षणं होती, पण रक्त नेहमीच्या चाचणीला नीट उत्तर देत नव्हतं. हा एचआयव्ही-२.

दोघांचं मूळही वेगळं. एचआयव्ही-१ माणसात आला चिंपांझीकडून (त्याचे काही गट गोरिलाकडून), तर एचआयव्ही-२ पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगबी नावाच्या माकडाकडून. एचआयव्ही-२ चा स्वभाव संथ. रक्तात त्याचं प्रमाण कमी असतं, आजार वाढायला जास्त वर्षं लागतात, तो कमी सहजतेने पसरतो. उपचार नसतील तर एचआयव्ही-१ असलेल्या आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. एचआयव्ही-२ मध्ये ती त्याच्या कितीतरी खाली राहते. पण संथ म्हणजे निरुपद्रवी नव्हे. उपचार न झालेल्या बऱ्याच जणांना त्यानेही एड्स होतो.

पश्चिम आफ्रिकेबाहेर तो ज्या मोजक्या देशांत आढळला त्यांत पोर्तुगाल आणि फ्रान्सबरोबर भारतही आहे. आपल्याकडे एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ ची, चेन्नईची. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी ती केली. पुढे पाचच वर्षांत, १९९१ मध्ये, हेल्गा रुब्सामेन-वायगमन या जर्मन शास्त्रज्ञ आणि मुंबईचे डॉ. जे. के. मणियार यांच्यासह काही संशोधकांनी भारतात एचआयव्ही-२ पसरत असल्याचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जाहीर केलं. १९९२ मध्ये मुंबईतल्या जास्त जोखमीच्या गटांत एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ दोन्ही आढळल्याचा सविस्तर अभ्यास आला. दोन्ही विषाणू एकाच शहरात, एकाच मार्गाने फिरत असतील, तर कुणाच्या तरी शरीरात ते एकत्र येणारच.

एकत्र आले तर काय होतं? पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये अनेक वर्षं चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही विषाणू असलेल्यांना एड्सपर्यंत पोचायला सरासरी १०४ महिने लागले, तर नुसता एचआयव्ही-१ असलेल्यांना ६८ महिने. एचआयव्ही-२ आधी लागलेला असेल तर तो वेग आणखी मंदावलेला दिसला. यावरून शास्त्रज्ञ लसीसाठी धडे घेत आहेत. रुग्णाने मात्र यात दिलासा शोधू नये, कारण दोन्ही गटांची वाट शेवटी एकाच दिशेला जात होती. ती वाट अडवतात फक्त गोळ्या, आणि खरी अडचण या गोळ्यांशीच येते.

४. एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला का नाही?

भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून एआरटी मोफत द्यायला सुरुवात केली. त्या काळच्या नेहमीच्या तीन औषधांत एक असायचं नेव्हिरापिन. पुढे त्याची जागा बऱ्याच अंशी एफाविरेन्झने घेतली. ही दोन्ही औषधं कारकुनाला, म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला, जखडून टाकतात. एचआयव्ही-१ च्या कारकुनाला एक खोबण असते. औषध त्या खोबणीत जाऊन बसतं आणि त्याचा हात चालेनासा होतो. एचआयव्ही-२ च्या कारकुनाची खोबणच निराळ्या घडणीची आहे. औषध तिथे बसत नाही. त्यामुळे नेव्हिरापिन आणि एफाविरेन्झ एचआयव्ही-२ वर मुळातच निकामी ठरतात.

आता एक उदाहरण. समजा, एका बाईला दोन्ही विषाणू आहेत, पण तिच्या कागदावर नुसतं ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलं आहे. तिला नेव्हिरापिन असलेली तीन औषधं मिळाली. एचआयव्ही-१ तिन्ही औषधांनी दबला. एचआयव्ही-२ वर मात्र दोनच औषधं चालली. दोन औषधांच्या अपुऱ्या माऱ्यात विषाणू टिकून राहतो आणि हळूहळू त्या दोघांनाही दाद देईनासा होतो. बाई एकही गोळी न चुकवता आजारी पडते, आणि घरचे म्हणतात, हिने गोळ्या नीट घेतल्या नसतील.

आज परिस्थिती बरीच सुधारली आहे. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या तिन्हींची एकच गोळी आता आपल्याकडे पहिल्या पसंतीचा उपचार आहे. डोल्युटेग्राव्हिर कारकुनाच्या वाटेला जात नाही. उतरवलेला कागद वहीत चिकटवण्याची क्रिया ते रोखतं, आणि ते दोन्ही विषाणूंवर चालतं. मग प्रकार ओळखण्याची गरज संपली का? नाही. तीन कारणांनी ती कायम आहे.

पहिलं कारण बाळ. एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाला जन्मानंतर काही आठवडे संरक्षक औषध पाजतात. एचआयव्ही-१ साठी हे बहुधा नेव्हिरापिनचं सिरप असतं. आईला एचआयव्ही-२ असेल तर ते कुचकामी, म्हणून अशा बाळाला झिडोव्ह्युडिनचं सिरप द्यायचं असतं. आईच्या कागदावर प्रकार लिहिलेला नसेल, तर बाळाला चुकीची बाटली मिळू शकते.

दुसरं कारण औषधबदल. काही त्रासामुळे गोळी बदलावी लागली, तर नवं औषध निवडताना डॉक्टरांना हा प्रकार ठाऊक असायला हवा.

तिसरं कारण व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी. आपल्याकडे नेहमी होणारी ही तपासणी एचआयव्ही-१ मोजते. एचआयव्ही-२ तिच्या नजरेत येत नाही. समजा, एखाद्या माणसाचा सीडी-४, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा, वर्षभरात ५२० वरून ३१० वर आला, वजनही उतरलं. पण व्हायरल लोडचा रिपोर्ट म्हणतो, विषाणू आढळला नाही. कागद पाहून सगळे निर्धास्त होतात. एचआयव्ही-२ बद्दल हा रिपोर्ट काहीच सांगत नसतो. तिथे सीडी-४ आणि प्रकृती यांवरच नजर ठेवावी लागते.

५. एका कारकुनासमोर दोन कागद

आता दुसरी शक्यता. एचआयव्ही-१ असलेल्या माणसाला एचआयव्ही-१ चाच वेगळा वाण लागतो का? हे घडतं याचे ठोस पुरावे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. आधीच्या संसर्गानंतर काही काळाने वेगळ्या विषाणूचा दुसरा संसर्ग झालेले रुग्ण त्या वर्षी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले. मराठी मुलखातली साक्ष त्याच्याही आधीची आहे, ती पुण्याची.

पुण्यात १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. त्या काळी नारी या नावाने ओळखली जाणारी ही भोसरीची संस्था. तिथल्या कविता लोळे, रमेश परांजपे आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी पुण्यातल्या, नुकताच संसर्ग झालेल्या सहा जणांच्या विषाणूंचा जवळजवळ संपूर्ण जनुकीय मजकूर वाचून काढला. १९९९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सहांपैकी पाच विषाणू ‘सी’ या उपप्रकाराचे निघाले. भारतात हाच उपप्रकार सर्वांत जास्त आहे. सहावा मात्र मिश्र होता. काही भाग ‘सी’चा, काही ‘ए’चा, आणि सांधे एकापेक्षा जास्त ठिकाणी.

असा मिश्र विषाणू जन्मतो कसा? एचआयव्हीच्या प्रत्येक कणात आरएनएचे दोन धागे असतात, म्हणजे कारकुनासमोर कागद कायम दोन असतात. एरवी दोन्हींवर तोच मजकूर असल्याने त्याने मधेच एकावरून दुसऱ्यावर उडी मारली तरी काही बिघडत नाही. पण एकाच पेशीत दोन वेगळे वाण शिरले, तर त्यातून बाहेर पडणाऱ्या काही कणांत एक कागद ‘ए’चा आणि एक ‘सी’चा जाऊ शकतो. पुढच्या पेशीत कारकून अर्धी ओळ यातली, अर्धी त्यातली उतरवतो, आणि पूर्वी कधीच नसलेली नोंद तयार होते. म्हणजे पुण्यात सापडलेला तो एक मिश्र विषाणू सांगत होता, की या साखळीत कुठे तरी एका माणसाला दोन वेळा किंवा एकाच वेळी दोन वाणांचा संसर्ग झाला होता.

रुग्णाच्या दृष्टीने यातला धोका असा. समजा, नवऱ्याचा विषाणू लॅमिव्ह्युडिनला दाद देत नाही, कारण त्याने मधली दोन वर्षं गोळ्या सोडल्या-धरल्या होत्या. बायकोचा विषाणू साधा, सगळ्या औषधांना वठणीवर येणारा. तिच्या गोळ्या अजून सुरू नाहीत किंवा अनियमित आहेत. अशा वेळी नवऱ्याचा हट्टी विषाणू तिच्यात शिरू शकतो आणि तिच्या उपचाराचे पर्याय न वापरताच कमी होतात.

मात्र नेमाने गोळ्या घेऊन दोघांचाही विषाणू दबलेला असेल, तर हा धोका फारच कमी होतो. दबलेला विषाणू पुढे जात नाही आणि औषधाच्या पहाऱ्यात नव्या विषाणूची नोंदही सहसा होऊ शकत नाही. निरोध हवा तो गोळ्या नुकत्या सुरू झालेल्या असताना, त्यांत खंड पडलेला असताना, दुसऱ्याच्या विषाणूचा प्रकार ठाऊक नसताना, आणि कावीळ-बी, सिफिलिस अशा इतर आजारांपासून बचावासाठी.

६. एचटीएलव्ही: पेशी न मारणारा नातलग

तिसरा विषाणू काळाच्या दृष्टीने सगळ्यात आधी सापडला. १९७७ मध्ये क्योतोचे कियोशी ताकात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमधल्या प्रौढांत दिसणाऱ्या एका विशिष्ट रक्तकर्करोगाचं वर्णन केलं. १९८० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने एचटीएलव्ही-१ प्रसिद्ध केला. माणसात सापडलेला हा पहिला रेट्रोव्हायरस, आणि त्या रक्तकर्करोगाचं मूळही तोच निघाला.

जगात किमान ५० लाख ते एक कोटी लोकांना तो असावा असा अंदाज आहे. जपानचा नैर्ऋत्य भाग, कॅरिबियन बेटं, दक्षिण अमेरिकेचे काही भाग, पश्चिम आणि मध्य आफ्रिका, मध्य ऑस्ट्रेलियातले आदिवासी, असे त्याचे पट्टे आहेत. भारतात तो तुरळक आढळतो. शरीरसंबंध, रक्त, आणि आईचं दूध दीर्घकाळ पाजल्यास आईकडून बाळाला, असे त्याचे मार्ग. त्यातले बरेच एचआयव्हीचेच असल्याने दोघे एकत्र भेटू शकतात.

दोघेही सीडी-४ पेशींत शिरतात. आपल्या संरक्षणाची सूत्रं हलवणाऱ्या याच पेशी. पण एचआयव्ही त्यांना मारतो, तर एचटीएलव्ही-१ त्यांना वाढायला लावतो. संसर्ग झालेल्या बहुसंख्य लोकांना जन्मभर काही होत नाही. साधारण वीसांत एकाला आयुष्यात कधी तरी रक्तकर्करोग होतो. काहींच्या मज्जारज्जूवर परिणाम होतो: पाय ताठरतात, चालताना जड वाटतात, लघवीवरचा ताबा सुटतो. अनवाणी चालताना मातीतून पायावाटे शिरणारा स्ट्राँगिलॉइड्स नावाचा जंत अशा माणसात बेसुमार वाढू शकतो.

सहसंसर्गात गोंधळ होतो तो मोजणीत. निरोगी माणसाचा सीडी-४ साधारण ५०० ते १५०० असतो. तो २०० च्या खाली गेला की न्यूमोनियासारख्या गंभीर आजारांचा धोका वाढतो आणि त्यांपासून बचावाची वेगळी गोळी लागते. आता समजा, एकाच्या शरीरात कामाच्या सीडी-४ पेशी १८० उरल्या आहेत आणि एचटीएलव्हीने फुगवलेल्या, पण कामाच्या नसलेल्या २२० आहेत. यंत्र दोन्ही मोजतं आणि आकडा देतं ४००. कागदावर माणूस सुरक्षित, प्रत्यक्षात धोक्यात. (आकडे समजावण्यापुरते आहेत; गणित असंच चुकतं.) एआरटी एचटीएलव्हीला घालवत नाही आणि त्याच्यावर खास औषध अजून नाही. म्हणून सीडी-४ भरपूर असताना आजार दिसत असेल, किंवा पाय कारण नसताना ताठरत असतील, तर या विषाणूची शंका घेतली पाहिजे.

७. केंद्रात गेल्यावर काय विचारायचं?

सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात निदान एका चाचणीवर ठरत नाही. वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन चाचण्या होतात. काही चाचणीपट्ट्यांवर एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ च्या रेषा वेगळ्या उमटतात. दोन्ही उमटल्या म्हणजे दोन्ही विषाणू आहेतच असं नाही. दोघांविरुद्धची प्रतिपिंडं एकमेकांसारखी असल्याने एकाची रेषा दुसऱ्याच्या जागीही दिसते. म्हणून अशा माणसाचं रक्त एआरटी केंद्रामार्फत, एचआयव्ही-२ साठी ठरवून दिलेल्या प्रयोगशाळेत खात्रीसाठी जातं. तिथून उत्तर येईपर्यंत गोळ्या थांबवायच्या नसतात. डॉक्टर दोघांवरही चालणारी औषधं देतात.

रुग्णाने विचारावेत असे प्रश्न चारच आहेत. माझा विषाणू कोणता, १, २ की दोन्ही? माझ्या गोळ्या त्याच्यावर चालतात का? माझी व्हायरल लोड तपासणी तोच विषाणू मोजते का? आणि गरोदर बाईसाठी चौथा: बाळाला कोणतं सिरप मिळणार?

उत्तरं एआरटी केंद्राने दिलेल्या पुस्तिकेत लिहून घ्यावीत. इंद्रवेल्लीचा माणूस कापूस वेचणीला किंवा बांधकामावर महाराष्ट्रात गेला, किंवा किनवटची लेक सासरी तेलंगणात आली, तर केंद्र बदलून घेता येतं. बदलीच्या कागदावर विषाणूचा प्रकार आलाय ना, हे निघण्यापूर्वी पाहावं. नाहीतर नव्या राज्यात, नव्या भाषेत सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि नेमकी हीच बाब सुटते. अडचण आली तर १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक मोफत आहे.

ही माहिती मागणं हा उपकार मागणं नव्हे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. समजावून दिल्याशिवाय आणि संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही, कुणाची माहिती उघड करता येत नाही, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात दुजाभाव करता येत नाही. समजावून देणं म्हणजे माणसाला कळेल त्या भाषेत सांगणं. जिथे गोंडी, कोलामी, मराठी, लंबाडी बोलणारे लोक एकाच रांगेत उभे असतात, तिथे इंग्रजी कागदावर अंगठा घेणं ही संमती होत नाही. आशा कार्यकर्ती, समुपदेशक आणि शिकलेली मुलं, या तिघांनी आपल्या भागात वरचे चार प्रश्न माणसाच्या भाषेत नेले, तर प्रत्येक रुग्णाच्या पुस्तिकेत विषाणूचा प्रकार लिहिला जाईल. यासाठी नवं यंत्र लागत नाही की नवा निधी. चाचणी होते आहे, औषध मोफत आहे, कायदा पाठीशी आहे. प्रश्न विचारणारं माणूस तेवढं हवं.